गुरुवारची शांती

बगदेदा, १२ नोव्हेंबर २०२१

शमूनी पोरी,

फोनवर तू मला बंद करून टाकलं आहेस, म्हणून हा कागद. रिवानची आई उद्या अम्मानला निघाली आहे. तिच्या पिशवीत क्लेचा बिस्किटांचा डबा आणि त्याखाली हे पत्र ठेवलं आहे. क्लेचे खजुराचे आहेत, यंदा अक्रोड कडू निघाले. पत्र तुझ्याच हातात द्यायचं, तुझ्या आईच्या नाही, असं मी तिला बजावलं. तर म्हणते कशी, "सित्त नजीबा, तुम्ही शाळेच्या बाई, साठी उलटली तरी चोरून चिठ्ठ्या पाठवता." मी म्हटलं, "तू नुसती पोचव. वाचू नकोस."

कामाचं आधी लिहिते. नार्दीन पाच आठवडे शाळेत आलेली नाही. सकाळी पडद्यावर मुलांच्या खिडक्या एकेक करून उघडतात. सव्वीस होत्या, आता पंचवीस उघडतात. तिच्या आईचा, बासिमाचा, जुना नंबर लागत नाही. तिचे वडील, चर्चचे शमाशा गोर्गिस, वारल्यावर त्यांनी घर बदललं असं कळलं, पण कुठे ते कुणी सांगत नाही. तू सांगू शकतेस. तुम्ही अम्मानला एकाच चर्चमध्ये मिस्सेला जाता. मला त्यांचा पत्ता हवा आहे. ऑस्ट्रेलियाचे कागद त्यांना कधीही येतील, आणि एकदा ती मुलगी विमानात बसली की मी तिला कुठे शोधू? तिला शाळेत परत आणायचं आहे, एवढंच माझं मागणं.

शाळेचं ठीक चाललं आहे. अपूर्णांक आता तुझ्याऐवजी आपल्या पाद्री अबूना लुईसचा भाचा शिकवतो. स्वीडनमधल्या सोदरतेल्येची रीता मला म्हणाली, "सित्त, ते आम्हाला नाही, स्वतःलाच समजावतात." मी तिला दटावलं, मग कॅमेऱ्यापासून तोंड वळवून हसले. मुलं तुझं नाव काढतात. मी सांगते, सित्त शमूनीची तब्येत बरी नाही.

त्या गुरुवारबद्दल तू मला जे बोललीस ते मी विसरलेले नाही. पण तूही आठवून बघ, कॅमेऱ्याचा तो नियम आपण दोघींनी याच मेजावर बसून लिहिला होता. तेव्हा तुम्ही अजून इथेच होता. बिशपांना पाठवायला अबूनांनी शाळेचं ध्येय अर्ध्या पानात लिहून मागितलं होतं. तू विचारलंस, "काय लिहू, आत्या?" मी म्हटलं, "लिही, मुलं कुठेही असली तरी ती एका गावची आहेत." तू म्हणालीस, "हे ध्येय नाही, ही तक्रार झाली." मग आपण दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. शेवटी लिहिलं ते माझं वाक्य होतं, आणि ते मला अजून पाठ आहे. 'प्रत्येक मूल देवाच्या प्रतिरूपात घडलेलं आहे. म्हणून या शाळेत आधी मुलाचा चेहरा पाहिला जाईल, मग त्याची वही.' कॅमेरा सुरू ठेवायचा नियम त्यातूनच आला. नुसत्या आवाजावर चालते ती शाळा कसली, तो रेडिओ झाला.

आणि शांती तर हातांनीच द्यायची असते. आपल्या चर्चमध्ये शमाशा वेदीवरून ओंजळीत शांती घेऊन येतो, पहिल्या बाकावरच्या माणसाच्या तळव्यांना तळवे लावतो, तो माणूस ते हात चेहऱ्यावरून फिरवतो आणि मागच्याला देतो. कुणी मधल्यामध्ये तोंडानं नुसतं 'शांती' म्हणून सोडून देत नाही. दर गुरुवारी शेवटच्या तासाला आपण मुलांकडून तेच करून घेत होतो. मी हात जोडायचे, पडद्यापुढे उघडायचे, एका मुलाचं नाव घ्यायचे. ते मूल चेहऱ्यावरून हात फिरवून पुढच्याचं नाव घ्यायचं. बगदेदाहून लेबनॉनमध्ये झाहलेला, तिथून सोदरतेल्येला, मेलबर्नला, परत एर्बिलला. सव्वीस मुलं, पाच देश, आणि तरी बाक एकच वाटायचा. नार्दीनची खिडकी तीन आठवडे काळी होती. हातच दिसत नसतील तर शांती कुणाच्या हातात द्यायची? म्हणून त्या दिवशी मी तिच्या आधीच्या मुलाला सांगितलं, तिला सोडून पुढचं नाव घे.

तिचे वडील त्याच खोलीत इतके आजारी होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तीन दिवसांनी ते गेले, ही देवाची इच्छा.

पत्ता पाठव.

तुझी आत्या,
नजीबा


बगदेदा, ३ डिसेंबर २०२१

शमूनी,

तुझी चिठ्ठी मिळाली. तीन आठवडे वाट पाहिली आणि एक ओळ हाती आली. 'आत्या, खरं लिही, मग पत्ता देते.' खाली सहीसुद्धा नाही. अक्षर मात्र अजून तसंच, उजवीकडे चढत जाणारं. लहानपणी तुझी वही मी तिरकी धरून तपासायचे.

आज संत बार्बराच्या सणाचे गहू शिजत घातले आहेत. शेजारची हन्ने डाळिंब सोलायला बसली आहे आणि दाण्यामागे एक बातमी सांगते आहे. तिच्यासमोर हे लिहिता येईना, म्हणून मी आतल्या खोलीत आले.

तर खरं लिहिते. बासिमाचा निरोप मला आला होता. मंगळवारी, त्या गुरुवारच्या आधी. आवाजाचा निरोप होता. मी तो उघडला नव्हता. त्या आठवड्यात काय चाललं होतं ते तुला ठाऊक आहे. तीन मुलगे कॅमेरा बंद करून प्रार्थनेच्या वेळी गेम खेळताना सापडले होते. त्यांच्या आयांचे निरोप येत होते, एकीकडे वीज नाही, दुसरीकडे नेट नाही, तिसरीच्या मुलाच्या डोळ्याला सूज. मला वाटलं, बासिमाचंही तसंच काही असेल. संध्याकाळी ऐकू म्हणून ठेवून दिला, आणि राहून गेला. ही माझी चूक झाली. वय झालं की असं होतं.

तू मला त्या दिवशी म्हणालीस, "आत्या, तुझ्या कॅमेऱ्यातून मासेर क्लेमाँस बघते." मला ते लागलं, पण खोटंही वाटलं नाही. तू त्यांना पाहिलं नाहीस. मोसुलच्या त्या नन्सच्या शाळेत सकाळी साडेसातला घंटा व्हायची आणि दोनशे मुली एका आवाजात उभ्या राहायच्या. जिन्याला मेणाचा वास. मासेर येण्याआधी त्यांच्या जपमाळेचा आवाज यायचा. मी सात वर्षांची असताना एका शुक्रवारी माझे पांढरे मोजे धुवून वाळले नव्हते, मी तपकिरी घालून गेले. मासेरनी मला प्रार्थनाघराच्या दाराबाहेर उभं केलं. आत गाणं चाललं होतं, सगळं ऐकू येत होतं. संपल्यावर त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "देवासमोर जाताना मुलीनं नीट जावं, हे आता तू जन्मभर विसरणार नाहीस." मी विसरले नाही. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं ते त्या एका सकाळच्या बळावर. युद्धात आपलं गाव सुटलं, तंबूत राहिलो, तिथंही मी मुलांना नखं कापून बसवत होते. तूही त्यात होतीस, पोरी. तंबूत नखं कापून आम्हाला काय मिळणार, असं तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं होतं, "नखं मिळतील." तू किती दिवस ते सगळ्यांना सांगत फिरलीस.

त्या शिस्तीनं आपल्याला माणसात ठेवलं, असं मला वाटतं. तुला वाटत नाही का?

आता पत्ता पाठव. नाताळाच्या आधी तिला घरी पत्र लिहीन म्हणते.

आत्या


बगदेदा, २७ डिसेंबर २०२१

शमूनी,

नाताळला तू फोन केलास, पण तुझ्या काकांना. मी बाजूलाच बसले होते. तू विचारलंस, "सगळे बरे आहेत ना?" आणि त्यांनी माझ्याकडे बघत "सगळे" म्हटलं. रात्रीच्या मिस्सेला शांती माझ्यापर्यंत आली. हन्नेनं मला दिली. मी मागे वळले, आणि मागच्या बाकावर एक लहान मुलगी हात पुढे करून उभी होती. मला ते हात हातात घेववेनात. हन्नेनं मला ढोसलं आणि कुजबुजली, "झोपलीस की काय?"

तू उत्तर का देत नाहीस ते मला आता कळलं आहे. तू बासिमाला विचारलं असशील, "तू सित्तना सांगितलं का नाहीस?" आणि खरं काय घडलं ते तिनं तुला सांगितलं असेल. म्हणजे पहिल्या पत्रापासून तुला सगळं माहीत आहे. मी लिहीत होते आणि तू वाचत होतीस.

मी तो निरोप उघडला होता, शमूनी. मंगळवारीच, दुपारी, चहा घेताना. दोनदा ऐकला. अजून माझ्या फोनमध्ये आहे. बासिमा हळू बोलत होती, म्हणजे कुणीतरी झोपलेलं असणार. ती म्हणाली:

"सित्त, माफ करा, तुम्हाला त्रास देते. नार्दीनला कॅमेरा बंद ठेवू द्या. आमची एकच खोली आहे आणि शमाशा तिच्या मागेच गादीवर असतो. त्याचं वजन उतरलंय, नाकात नळी आहे. त्या मुलांनी त्याच्या हातून चर्चमध्ये शांती घेतलीय. त्यांनी आपल्याला असं बघू नये, असं तो म्हणतो. पण गुरुवार आला की सकाळपासून विचारतो, किती वाजले. पोरीला शांती मिळाली की ती वळून त्याला देते. तेवढं एकच तो आता मागतो, सित्त."

आणि मागे तो खोकला.

मी उत्तर लिहिलं. ते पाठ आहे, विसरायची सोय नाही. 'बासिमा, नियम सगळ्यांना सारखा. एकीला सूट दिली तर उद्या पंचवीस मागतील. थोडा वेळ चादर लावून घ्या. देव बळ देवो.'

चादर लावून घ्या. मी एका मरणाऱ्या माणसाला चादरीआड जायला सांगितलं. तिनं उलट काही लिहिलं नाही. आपल्या बायका सित्तला उलट लिहीत नाहीत.

आणि गुरुवारी ती खिडकी पुन्हा काळी दिसली तेव्हा मला राग आला. दया आली नाही, राग आला. मी सांगूनही ऐकलं नाही म्हणून. एलियास हात उघडून थांबला होता, त्याच्या ओठांवर तिचंच नाव होतं. मी म्हटलं, "पुढचं नाव घे, एलियास. ज्याचे हात दिसत नाहीत त्याला शांती देता येत नाही." काळ्या खिडकीतून नार्दीन म्हणाली, "सित्त, मी आहे." मी ऐकलं. तूही ऐकलंस. मी म्हटलं, "एलियास."

त्या अर्ध्या पानावर माझ्या वाक्याखाली तुझंही एक वाक्य होतं. पहिल्या पत्रात मी ते लिहिलं नाही. 'आणि कुठल्याही कारणानं कोणतंही मूल दाराबाहेर ठेवलं जाणार नाही.' बिशपांना ते जास्त आवडलं होतं, असं अबूनांनी मला नंतर सांगितलं. मी तुला कळू दिलं नाही.

मासेरची गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली. जन्मभर सगळ्यांना अर्धीच सांगत आले. दाराबाहेर उभी असताना मी रडले होते. आईनं रात्री दिव्यावर मोजे वाळवायचा प्रयत्न केला होता, एक जळला होता, आणि हे मी कुणाला सांगू शकत नव्हते, कारण मला कुणी विचारलंच नाही. नंतर त्यांनी जवळ घेतलं ते मी धरून ठेवलं आणि आधीचं सोडून दिलं. मासेरवर माझी माया होती, अजून आहे. पण विचारायला हवं होतं.

पत्ता द्यायचा नसेल तर देऊ नकोस. तो मिळावा म्हणून मी हे लिहिलेलं नाही. तू वाचते आहेस, आणि खोटं वाचते आहेस, हे मला आता सोसवत नव्हतं.

नजीबा


अम्मान, २२ जानेवारी २०२२

शमूनी,

पत्त्याच्या चिठ्ठीवर तू लिहिलंस, 'मला भेटू नकोस, तिला भेट.' म्हणून तुझ्याकडे न येता हे पत्र तुमच्या खालच्या वाण्यापाशी ठेवते आहे. त्यानं विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" मी म्हटलं, "आत्या." तो म्हणाला, "मग वर जा ना, तीनच जिने आहेत." मी गुडघ्यांचं कारण सांगितलं.

कालच गेले होते. घर चढावर आहे, खाली टायरचं दुकान. बासिमानं दार उघडलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी हातातली पिशवी खाली ठेवायलाही विसरले. कागद आले आहेत त्यांचे. पुढच्या बुधवारी मेलबर्न. दोन बॅगा भिंतीला लावून उभ्या होत्या आणि तिसरी उघडी पडली होती. भिंतीवर शमाशाचा चर्चमधला फोटो, पांढऱ्या झग्यात, तो आवळून बांधलेला पट्टा. बासिमा म्हणाली, "हा शेवटी उतरवणार."

नार्दीननं चहा आणला. उंच झाली आहे. केस कापले आहेत. माझ्यासमोर बसली, गुडघे जुळवून, आपण शिकवतो तसं. मी म्हटलं, "शाळेत का येत नाहीस, बाळ? माझ्यावर रागावली आहेस?"

"नाही, सित्त."

"मग?"

तिनं आईकडे पाहिलं. बासिमाला काही कल्पना नव्हती, तेही मला तेव्हाच कळलं. मुलगी चहाच्या इस्तिकानात, त्या काचेच्या पेल्यात, चमचा फिरवत राहिली, साखर कधीच विरघळली होती. मग म्हणाली, "त्या दिवशी बाबांनी विचारलं, शांती आली का? मी म्हटलं, आली. आणि वळून त्यांच्या हाताला हात लावले. त्यांनी चेहऱ्यावरून फिरवले. पण माझ्याकडे नव्हतीच ना, सित्त. तुम्ही दिली नव्हती. मी खोटं सांगितलं. बाबा मरायच्या आधी मी त्यांना खोटी दिली."

बासिमानं तोंडावर हात ठेवला.

"तेव्हापासून मी ख्रिस्तप्रसाद घेतलेला नाही," नार्दीन म्हणाली. "आई पुढे जाते तेव्हा मी बुटाची नाडी बांधते. शाळेत आले असते तर तुम्ही परत आठव्या आज्ञेचा धडा घेतला असता. तो नोव्हेंबरमध्ये असतो."

असतो. चाळीस वर्षं नोव्हेंबरमध्ये मी तो धडा घेतला आहे. खोटी साक्ष देऊ नकोस. खोट्याचे प्रकार, त्यांची उदाहरणं. कान कापून ठेवावेत असं वाटलं.

शमूनी, मी इतके महिने एका रागावलेल्या मुलीची माफी मागायला निघाले होते. माफीचं सगळं बोलणं मी विमानात पाठ केलं होतं. आणि ती रागावलेली नव्हतीच. माझं पाप ती स्वतःच्या नावावर घेऊन साडेतीन महिने नाड्या बांधत बसली होती.

मी खुर्चीवरून उठले आणि तिच्यासमोर सतरंजीवर बसले. गुडघे वाकेनात, बासिमानं धरलं. मी तिला सगळं सांगितलं, म्हटलं, नार्दीन, तुझ्या आईनं मला विचारलं होतं. मी ऐकलं होतं. तुझे बाबा वाट बघतात हे मला माहीत होतं, आणि माहीत असूनही मी एलियासला पुढचं नाव घ्यायला लावलं. खोटं तू केलं नाहीस. शांती अडवली ती मी, आणि ती अडवायचा मला काही हक्क नव्हता. ती माझी नव्हतीच, शाळेचीही नव्हती. नियमाचं मी काही बोलले नाही. नियमाचं बोलायला काही उरलंच नव्हतं.

ती ऐकत होती. रडली नाही. मुलं अशा वेळी रडत नाहीत, हिशेब लावतात. मग तिनं विचारलं, "म्हणजे बाबांना खरीच मिळाली?"

"हो," मी लगेच म्हटलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

धर्मशिक्षणाच्या तासाला या प्रश्नाची मी सात उत्तरं दिली असती. समोर ते लहान, सरळ तोंड होतं, कॅमेऱ्याशिवाय, हातभर अंतरावर. त्याला आणखी एक ठोकळेबाज उत्तर द्यायची मला लाज वाटली.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मला तसं वाटतं. पण माहीत नाही."

तिनं मान हलवली. इतक्या वेळात पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. "मलाही तसं वाटतं," ती म्हणाली. आणि मग, "शाळेत मी येणार नाही, सित्त. तिथं मेलबर्नमध्ये दुसरी शाळा आहे. पण सित्त शमूनी अपूर्णांक शिकवणार असतील तर शनिवारच्या तासाचं बघेन."

मी तुझ्या वतीनं काही कबूल केलं नाही. एवढंच म्हटलं की विचारते. शाळेच्या त्या अर्ध्या पानावरचं माझं वाक्य मी खोडलं आहे, तुझं ठेवलं आहे. अबूनांना सांगितलं की सकाळची प्रार्थना आता दुसऱ्या कुणी घ्यावी. ते म्हणाले, थोडे दिवस थांबा. मी म्हटलं, थांबते, पण मुलांच्या ओळीत बसून.

निघताना बासिमा दारापर्यंत आली. नार्दीन आली नाही, ती उघड्या बॅगेपाशी बसून पुस्तकं लावत होती. मी शाळेत शिकवायचे ते धर्माचं पुस्तक तिनं हातात घेतलं, जराशानं बाजूला ठेवलं, आणि मग पुन्हा उचलून कपड्यांच्या खाली सरकवलं. मी बघितलं हे तिला कळलं नाही.

आत्या